आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : नोंदणी नव्हे, होकार मोजा

मा. आरोग्यमंत्री यांस,
सविनय नमस्कार.

वांशिक अल्पसंख्याक समाजांतून स्टेम सेल, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी, देणारे दाते मिळत नाहीत, ही तक्रार जुनी आहे. तिच्यावरचा उपायही ठरलेला : शिबिर, बॅनर, फोटो आणि अमुक इतक्या नोंदण्या झाल्याची बातमी. माझे म्हणणे असे की, आकडा चुकीच्या जागी मोजला जातो.

रक्तगट जुळला की रक्त चालते. स्टेम सेलचे तसे नाही. इथे एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणा, जुळाव्या लागतात आणि त्या आईवडिलांकडून येतात. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. तिथे नाही जमले तर शोध अनोळखी माणसांत, आणि बहुधा त्याच वंशाचा माणूस उपयोगी पडतो. जगभरच्या नोंदवह्यांत मिळून ४ कोटींहून अधिक दाते आहेत. तरीही अमेरिकेतल्या राष्ट्रीय नोंदवहीच्या हिशेबाने पूर्ण जुळणारा दाता सापडण्याची शक्यता गोऱ्या रुग्णाला सुमारे ७९ टक्के, कृष्णवर्णीय रुग्णाला २९ टक्के. मिश्र वंशाच्या मुलांसाठी तर शोध आणखी अवघड. अर्धे जुळणाऱ्या नातेवाइकाकडून प्रत्यारोपण आता होते, हे खरे. पण त्या सबबीवर ही दरी तशीच ठेवता येणार नाही.

शिबिरात गालाच्या आतून स्वॅब फिरवायला मिनिटभर पुरते. खरी परीक्षा होते ती एखाद्या रुग्णाशी जुळल्याचा फोन येतो तेव्हा, कधी कधी काही वर्षांनी. तोवर नंबर बदललेला असतो, किंवा घरातल्या थोरांनी ‘मणक्यातून काढतात, कायमचे अधू व्हाल’ असे मनात भरवलेले असते. फोन आल्यावर मागे फिरणाऱ्यांचे प्रमाण अल्पसंख्याक दात्यांत अधिक असल्याचे अमेरिकेतल्या अभ्यासांत दिसले आहे. याला उदासीनता म्हणू नये. ज्यांना दवाखान्यात पिढ्यान्पिढ्या नीट वागणूक मिळाली नाही, त्यांनी सुई टोचून घेण्याआधी चार प्रश्न विचारावेत, यात गैर काय?

उत्तरे साधी आहेत. मणक्याला कोणी हात लावत नाही. बहुतेक वेळा चार-पाच दिवस इंजेक्शने देऊन पेशी रक्तात उतरवतात आणि हाताच्या शिरेतून घेतलेले रक्त यंत्रातून फिरवून त्या वेगळ्या करतात. अंग दुखते, डोके दुखते, मग थांबते. क्वचित भूल देऊन कमरेच्या हाडातून मज्जा घेतात. मात्र रुग्णाची स्वतःची मज्जा केमोने संपवल्यानंतर दाता फिरला, तर रुग्णाच्या जिवावर बेतते. हेही नोंदणीच्या टेबलावरच सांगा. नोंदण्या घटल्या तरी चालतील.

म्हणून पैसा बॅनरऐवजी इथे घाला : दात्याच्या भाषेत बोलणारा, शक्यतो स्वतः दान केलेला माणूस, घरच्यांशीही बोलणे, बुडालेली मजुरी आणि प्रवासखर्च, वर्षातून एकदा तरी चौकशीचा फोन. आणि पुढच्या वार्षिक अहवालात नोंदणीच्या आकड्याशेजारी, बोलावल्यावर किती जण आले, हा आकडा समाजनिहाय छापा. पहिल्या वर्षी तो कदाचित लाजिरवाणा असेल. तरी छापा.

आपली,
एक नोंदणीकृत दाता