गिधाडं गेली, कुत्री आली, हिशेब शिकागोत लागला

संपादक साहेब, नमस्कार.

पुतण्या नागपूरला शिकतो, त्याने परवा मोबाइलवर एक रिसर्च पाठवलं आणि खाली लिहिलं, काका हे आपल्या गावाचं आहे, वाचा. उघडलं तर सगळं इंग्रजी, वर नाव अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू, म्हणजे अर्थशास्त्राचं मासिक. म्हटलं यात आपलं गाव कुठून आलं बाप्पा. मग त्याने फोनवर अर्धा तास समजावून सांगितलं आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही, म्हणून हे पत्र.

शिकागो विद्यापीठाचे एयाल फ्रँक आणि इंग्लंडच्या वॉरिक विद्यापीठाचे अनंत सुदर्शन या दोघांचं काम आहे, २०२४ चं. म्हणणं असं की भारतातली गिधाडं संपली त्यामुळे २००० ते २००५ या काळात जवळपास ५ लाख माणसं जास्तीची मेली. आता हा अंदाज आहे, कोणी एकेक मढं मोजलं नाही. त्यांनी काय केलं, जिथे आधी गिधाडं भरपूर होती ते जिल्हे एकीकडे घेतले, जिथे कधी फार नव्हतीच ते दुसरीकडे, आणि दोन्हीकडचं मरणाचं प्रमाण वर्षानुवर्षं लावून पाहिलं. पहिले फरक नव्हता, नंतर गिधाडवाल्या जिल्ह्यांत ते ४ टक्क्यांहून जास्त वाढलेलं दिसलं. गिधाडं मरायची गोष्ट सुरू होते १९९४ च्या आसपास, कारण तेव्हा डायक्लोफिनॅक या दुखण्यावरच्या औषधाचं पेटंट संपलं, ते मातीमोल भावात मिळू लागलं आणि माणसाच्या गुडघ्याचं औषध ढोराच्या सुईत आलं.

आमच्या लहानपणी नाल्यापलीकडे, आखराच्या मागं मेलेलं ढोर टाकायची जागा होती. सकाळी ढोर ओढून नेलं की वर आधी एक ठिपका, मग दहा, मग मोजताच येत नव्हते, आणि शाळा सुटून आम्ही पाहायला जाऊ तोवर नुसती हाडं. वास सुटायचीही सवड नाही. आम्ही त्यांना गोटे मारायचो. अशुभ म्हणून घरी मारही खायचो, गोटे मारल्याबद्दल नाही, तिकडे गेल्याबद्दल.

आणि आता कबुली. २००२ किंवा ०३ असेल, आमची गाय उठेना तर डॉक्टरला बोलावून मीच म्हटलं, साहेब ते दुखण्याचं मारा, शेजाऱ्याचा बैल त्यानं उभा झाला. मारलं. तिसऱ्या दिवशी गाय मेलीच आणि नेहमीच्या जागी टाकली. तेव्हा कोणाला माहीत होतं, गिधाडाच्या पोटात ते गेलं की किडन्या बसतात आणि काही दिवसांत पक्षी खतम. हे औषध कारण आहे हे शास्त्रज्ञांना २००४ मध्ये समजलं, तेही पाकिस्तानातली मेलेली गिधाडं तपासून. अजून एक गोष्ट पुतण्याने सांगितली ती ऐकून मी गपच बसलो. गिधाडं संपायला सगळी ढोरं विषारी असायची गरजच नव्हती, शंभरात एकसुद्धा जास्त झालं, कारण एका ढोरावर पन्नास पक्षी बसतात आणि मादी वर्षाला अंडं घालते एकच.

पुढचं तुम्हाला सांगायला नको. मांस तेच, खाणारे बदलले. नाल्यावर कुत्र्यांची टोळी झाली. कुत्रं गिधाडासारखं साफ करत नाही, ओढतं, अर्धं टाकतं, बाकी नाल्यात सडतं आणि खालच्या वस्तीची विहीर त्याच नाल्याच्या काठावर. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या पोराला पांदणीत कुत्र्याने मांडीला फाडलं, गाडीवर घेऊन गेलो तर रेबीजची लस होती पण जखमेत द्यायचं सीरम नव्हतं, तिथून दुसरीकडे, तिथून अजून पुढे, रात्र झाली. दवाखान्याचं नाव लिहत नाही, तिथली सिस्टर बिचारी स्वतःच रडकुंडीला आली होती. पोरगा वाचला. रिसर्चवाल्यांनीही हेच धरलंय, कुत्री, रेबीज आणि पाणी.

सरकारने काही केलं नाही असं नाही. २००६ ला जनावरांसाठी डायक्लोफिनॅक बंद केलं. पण माणसाची ३० मिलीची मोठी बाटली दुकानात होतीच, ती ढोरालाच पुरायची, तिच्यावर बंदी यायला २०१५ उजाडलं. मग असिक्लोफिनॅक, जे गायीच्या अंगात गेल्यावर डायक्लोफिनॅकच होतं, ते आणि गिधाडाला तसंच मारणारं किटोप्रोफेन २०२३ ला बंद. एका नावाने दार लावायचं आणि दुसऱ्या नावाने उघडं, वीस वर्षं हेच. मेलोक्सिकॅम हे दुखण्याचंच दुसरं औषध गिधाडाला चालतं, ढोरालाही उतार पडतो, हे एवढं वाक्य मराठीत लिहून एक कागद औषधाच्या दुकानात चिकटवायला कोणाला किती खर्च आला असता?

हे आत्ताच का लिहितोय तर २०२४ मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या गिधाड प्रजनन केंद्रातून लांब चोचीची दहा गिधाडं आपल्या पेंचमध्ये आणली, ताडोब्यातही पांढऱ्या पाठीची आणली. चांगलंच झालं. पण गिधाड काही जंगलाचा गेट पाहून परत फिरत नाही, दिवसात शंभर किलोमीटर सहज जातं, म्हणजे ते जगणार की मरणार हे आमच्या गावात कोणत्या गायीला कोणती सुई बसली त्यावर आहे. आणि इथे वनखातं म्हणते गाय आमची नाही, पशुसंवर्धनवाले म्हणतात मेल्यावर आमचं काम नाही, आरोग्यवाल्यांकडे चावलेलं पोर येतं तेव्हाच त्यांचा संबंध, आणि ग्रामपंचायतीने ती ढोर टाकायची जागा कधीच समाजभवनाला देऊन टाकली, आता लोक मेलेलं ढोर रात्री कुठेही फेकतात. तिकडे शिकागो आणि वॉरिकला बसून दोघांनी या चारही गोष्टी एका कागदावर आणल्या, आमच्या पंचायतीत चार वह्या एका टेबलावर येत नाहीत.

माझी मागणी साधी आहे. गावाला मेलेल्या ढोरासाठी जागा द्या, वस्ती आणि विहिरीपासून लांब, आणि मरायच्या आधी आठ-पंधरा दिवसांत त्याला काय औषध दिलं ते पंचायतीत लिहून ठेवा. गिधाडाला मारणारं औषध दिलं असेल तर पुरा, नसेल तर उघड्यावर टाका. मी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय मांडणारच आहे. पत्र त्याच्या आधी छापलं तर बरं, सरपंच तुमचा पेपर वाचतात, माझं ऐकत नाहीत.

एक शेतकरी वाचक,
नागपूर जिल्हा