परत आलेल्या मालाविषयी मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. ग्राहकांनी परत केलेल्या मालाची पॅलेट, म्हणजे फळ्यांच्या तळावर रचलेला मालाचा गठ्ठा, घाऊक भावाने घेऊन ती किरकोळीत विकण्याचा तुझा विचार वाचला आणि सोबतची यादीही सावकाश पाहिली. साठवलेले पैसे तू यात घालणार आहेस, म्हणून उत्तर जरा विस्ताराने लिहितो. पॅलेटवरच्या प्रत्येक नगाबरोबर तो परत येण्याचे कारणही आपण विकत घेतो आणि पुढचा नफा-तोटा बहुतांशी त्या कारणावरच ठरतो, असे माझे ठाम मत आहे.

हा माल इतका स्वस्त का मिळतो, हे आधी नीट समजून घे. अमेरिकेतल्या नॅशनल रिटेल फेडरेशन या किरकोळ विक्रेत्यांच्या संघटनेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये तिथे सुमारे ८९० अब्ज डॉलरचा माल परत आला, म्हणजे वर्षभराच्या किरकोळ विक्रीच्या १६.९ टक्के. एवढा माल एकेक करून उघडायचा, तपासायचा, पुन्हा बांधायचा आणि तोवर गोदामाची जागा अडवून ठेवायची, हा खर्च मोठ्या विक्रेत्याला अनेक वस्तूंच्या बाबतीत परवडत नाही. म्हणून तो माल पॅलेटवर रचून ‘आहे त्या स्थितीत’ या अटीवर लिलावात काढला जातो. तपासणीचे जे काम विक्रेत्याने टाळले ते आपण अंगावर घेतो, आणि स्वस्ताई ही त्याच कामाची मजुरी आहे. ही मजुरी आपल्याला पुरते का, एवढाच खरा प्रश्न आहे.

आता कारणांकडे येतो. कपडे आणि पादत्राणे बहुधा माप न बसल्यामुळे परत येतात. नग नवाच असतो, पण नेमके न खपणारे मापच आपल्या वाट्याला जास्त येते. राउटर, प्रिंटर, घरात बसवायचे कॅमेरे यांसारखी उपकरणे कित्येकदा पूर्ण चालू स्थितीत असतात, कारण ग्राहकाला जोडणी जमलेली नसते किंवा सूचना समजलेल्या नसतात. असा माल मला सर्वांत आवडतो, कारण तिथे थोड्या ज्ञानाचे थेट पैसे होतात. याउलट मोठ्या पडद्याचा टीव्ही परत आला असेल तर पडदा तडकलेला असण्याची भीती असते, आणि पडदा बदलण्याचा खर्च टीव्हीच्या किमतीच्या जवळ जातो. कानात घालायचे हेडफोन, दाढीची यंत्रे, गाद्या यांचा प्रश्न स्वच्छतेचा आहे; वस्तू चालते, पण घ्यायला कोणी धजत नाही. आणि एक प्रकार असा की खोक्यावर नव्या वस्तूचे चित्र असते आणि आत ग्राहकाने आपली जुनी वस्तू घालून परत पाठवलेली असते. म्हणून सील फुटलेले प्रत्येक खोके उघडावेच लागते.

तुझ्या यादीत खाली छापील किमतींची मोठी बेरीज दिली आहे आणि तुझे सगळे मन त्या आकड्यावर बसले आहे, असे पत्रावरून जाणवले. तो आकडा बाजूला ठेव. ती बेरीज १०० धरू आणि पॅलेट तुला २० ला मिळाली असे समजू. वाहतूक, लिलावाचे शुल्क आणि उतरवणावळ मिळून आणखी ७ गेले, तर माल दारात येईपर्यंत २७ झाले. आता बेरजेपैकी ३० चा माल चांगला निघून निम्म्या किमतीला गेला, तर १५ आले; आणखी ३० चा माल अपुरा किंवा किरकोळ बिघडलेला निघून पंचमांश किमतीला गेला, तर ६ आले; उरलेला ४० चा माल भंगारात गेला. हाती २१ आले आणि खर्च २७ झाला, तोही विक्रीच्या संकेतस्थळाचे कमिशन, बांधणीचे सामान आणि तुझे श्रम न धरता. हे प्रमाण मी उदाहरणासाठी घेतले आहे; तुझ्या यादीतल्या वस्तूंसाठी ते तू स्वतः कठोरपणे मांड आणि त्यावरून बोलीची वरची मर्यादा काढ.

वेळेचा हिशेब लोक सोडून देतात, आणि मला वाटते इथेच सर्वाधिक माणसे थकतात. एक नग उघडणे, चालवून पाहणे, पुसणे, हरवलेला चार्जर किंवा झाकण मिळवणे, छायाचित्रे काढणे, दोष प्रामाणिकपणे लिहिणे, बांधणे आणि पाठवणे, या सगळ्याला स्वस्त वस्तूलाही महागड्या वस्तूइतकाच वेळ लागतो. त्यामुळे हलक्या किमतीच्या शेकडो नगांच्या पॅलेटपेक्षा मध्यम किमतीच्या, एकाच प्रकारच्या थोड्या नगांची पॅलेट मी केव्हाही पसंत करीन. एकाच प्रकारचा माल असला की दोन बिघडलेल्या नगांतून एक चालू नगही उभा राहतो.

जागेचाही विचार कर. युरोपात पॅलेटचा तळ साधारणपणे १२०० बाय ८०० मिलिमीटरचा आणि उत्तर अमेरिकेत ४८ बाय ४० इंचांचा असतो, आणि माल माणसाच्या उंचीएवढा रचलेला असू शकतो. ट्रकमधून ती खाली कशी उतरणार आणि तुझ्या दारातून आत जाणार का, हे आधी मोजून घे.

सुरक्षिततेबाबत मात्र मी अजिबात तडजोड करणार नाही आणि तूही करू नयेस. फुगलेली किंवा ठेचलेली लिथियम बॅटरी विकायची नाही आणि घरात साठवायचीही नाही, कारण ती पेट घेऊ शकते. उत्पादकाने दोषामुळे बाजारातून परत बोलावलेली वस्तू अमेरिकेत २००८ च्या ग्राहक-सुरक्षा कायद्यानुसार विकताच येत नाही. कायदा कुठलाही असो, मॉडेल क्रमांक परत बोलावलेल्या वस्तूंच्या याद्यांशी ताडून पाहिल्याशिवाय लहान मुलांची वस्तू पुढे देऊ नकोस. आयफोनला २०१३ पासून ॲक्टिव्हेशन लॉक, म्हणजे फोन मालकाच्या खात्याशी बांधून ठेवणारे कुलूप, असते; आधीच्या मालकाने ते काढले नसेल तर फोन सुट्या भागांपुरताच उरतो. उपकरणात राहिलेली कोणाची छायाचित्रे वा कागदपत्रे न पाहता पुसून टाकणे आणि खोक्यावरचा नावपत्ता काढून टाकणे हे आपले कर्तव्य आहे.

तुझ्या यादीतल्या मालाचे वर्णन फक्त ‘ग्राहक-परत, न तपासलेला’ एवढेच आहे आणि त्यात स्वयंपाकघरातली यंत्रे, खेळणी आणि कपडे एकत्र आहेत. अशा मिश्र पॅलेटपासून सुरुवात करू नये असे माझे मत आहे. तरी तुझा विचार पक्का असेल तर विक्रेत्याला तीन गोष्टी लेखी विचार: यादी नग मोजून केली आहे की अंदाजाने, महागडे नग आधीच वेगळे काढले आहेत का, आणि यादीतले नग कमी भरले तर तक्रारीची मुदत किती. उत्तरे आली की मला पाठव. बोलीचा आकडा आपण दोघे मिळून ठरवू.

कळावे, लोभ असावा.

तुझा स्नेही