‘स्पोर्ट्स कार आहे, ट्रॅफिकमध्ये तापणारच’ हे आता बंद करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीतलं गाड्यांचं पान मी न चुकता वाचतो. मध्यंतरी तिथे एका वाचकाचं पत्र आलं होतं, जाममध्ये बॉनेट उघडून उभी असलेली एक स्पोर्ट्स कार त्यांनी पाहिली आणि त्यांचं म्हणणं असं की असल्या गाड्या हळू चालवायला बनवलेल्याच नसतात, त्यामुळे त्या तापणारच आणि हौस असेल तर रेसट्रॅकवर घेऊन जावं. वाचून फार वाईट वाटलं, कारण अगदी हेच वाक्य मला वर्कशॉपमध्ये ऐकवलं गेलं होतं आणि त्या एका वाक्यापायी माझं इंजिन जाता जाता वाचलंय.

झालं असं की रोज व्यवस्थित चालणारी गाडी, मोकळ्या रस्त्यावर कूलंट (इंजिन थंड ठेवायला त्यात फिरणारं द्रव) ९२-९४ डिग्रीच्या वर कधी गेलं नाही, आणि एक दिवस मोठ्या जाममध्ये अडकलो. पहिल्या गिअरमध्ये दहा फूट पुढे, ब्रेक, परत दहा फूट. आकडा १०० झाला, मग १०६, मग ११२, मी एसी बंद केला, हीटर फुल केला (हीटर म्हणजे पण एक छोटा रेडिएटरच, कूलंटची उष्णता हवेत सोडणारी जाळी, तो इंजिनची उष्णता आत केबिनमध्ये ओढतो, त्रास होतो पण इंजिन वाचतं) तरी ११८ ला लाल दिवा लागला आणि ‘इंजिन बंद करा’ असा मेसेज आला. कशीबशी कडेला घेतली. कूलंटचा तो गोडसर वास, टाकीतून येणारा फुस्स आवाज, आणि एक भला माणूस पाण्याची बाटली घेऊन धावत आला आणि थेट झाकणालाच हात घालायला निघाला. त्याचा हात मी अक्षरशः धरला. हे सगळ्यांनी लक्षात ठेवा, निम्मं पाणी निम्मं कूलंट असं मिश्रण उघड्यावर १०७ च्या आसपास उकळतं, पण झाकणाच्या आत प्रेशर असतं म्हणून ते १२५-१३० पर्यंत उकळत नाही. गरम असताना झाकण फिरवलं की प्रेशर गेलं, आणि आतलं कूलंट एका क्षणात उकळून वाफेसकट तोंडावर उसळतं. आणि तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतणं तर त्याहून वाईट, इंजिनचं हेड (वरचा धातूचा भाग) वाकतं किंवा त्याला तडा जातो.

गाडी टो करून वर्कशॉपला नेली. त्यांनी स्कॅनर लावला, फॉल्ट कोड (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाड) काही नाही, कूलंट टॉप-अप केलं आणि म्हणाले, सर स्पोर्ट्स कार आहे, ट्रॅफिकमध्ये थोडी तापणारच. मी विश्वास ठेवला. पंधरा दिवसांनी परत तेच.

मग एका जुन्या मेकॅनिककडे गेलो. त्यांनी लॅपटॉप काढलाच नाही. गाडी जागेवर चालू ठेवली, एसी लावायला सांगितला आणि खाली वाकून पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांजवळ हात धरून बघितला. माझ्या गाडीचं इंजिन सीटच्या मागे आहे पण रेडिएटर पुढे दोन कोपऱ्यांत दोन, प्रत्येकाला आपापला फॅन. डावीकडे हाताला गरम हवेचा झोत लागत होता, उजवीकडे काहीच नाही, वाराच नाही. बंपर काढला तर फॅनच्या कनेक्टरमध्ये हिरवा गंज, मोटर जाम. कॉम्प्युटर बिचारा फॅनला ‘चालू हो’ सांगत होता, फॅन फिरला की नाही हे त्याला कळायची सोयच नव्हती, म्हणून कोड नाही. आणि एसीचा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) आणि रेडिएटर यांच्या मधल्या बोटभर फटीत वाळकी पानं, धूळ, मेलेले किडे असं सगळं दाबून दाबून घोंगडीसारखं झालेलं, त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरने टोक उचललं तर अखंड एक पट्टाच निघाला. तो मी हातात घेऊन बघितला, त्यातून पलीकडचं काही दिसत नव्हतं. यातून हवा कशी जाणार होती?

आता ‘तापणारच’ हे चूक का ते साध्या हिशोबाने सांगतो. मोठं पेट्रोल इंजिन नुसतं जागेवर चालू असेल तर तासाला साधारण दीड ते दोन लिटर पेट्रोल पितं. दोन लिटरमध्ये मिळून जेवढी उष्णता असते ती तासभरात वाटली तर होतात जेमतेम १९ किलोवॅट, आणि त्यातला ढोबळ एक तृतीयांश कूलंटमध्ये जातो, म्हणजे सहा-सात. हेच इंजिन पूर्ण जोरात ३०० किलोवॅट ताकद देत असेल तर कूलंटमध्ये दोनशेच्या वर किलोवॅट ओतत असतं, आणि त्याचा रेडिएटर तेवढ्याच हिशोबाने बनवलेला असतो. बुगाटी वेरॉनला तर १००१ हॉर्सपॉवरसाठी १० रेडिएटर दिले होते. म्हणजे जाममध्ये इंजिनवर काम सगळ्यात कमी आणि रेडिएटर गरजेपेक्षा कितीतरी मोठा. कमी पडते ती फक्त हवा. वेगात हवा आपोआप घुसते, उभ्या गाडीत ती फॅननेच ओढायची असते, वर एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसून आपली उष्णता त्याच हवेत आधीच टाकून मोकळा होतो, आणि कूलंट फिरवणारा वॉटर पंप बेल्टवरचा असेल तर आयडलिंगला, म्हणजे इंजिन नुसतं जागेवर चालू असताना, तोही हळू फिरतो. फॅन धड, फट साफ, कूलंट पूर्ण आणि आत हवेचा बुडबुडा अडकलेला नाही, एवढं असेल तर ती गाडी तासभर रांगली तरी तापता कामा नये.

जुनी पोर्शे ९११ आठवा, १९६३ साली आली आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरपर्यंत तिला पाण्याचा रेडिएटर नव्हताच, इंजिन हवेनेच थंड व्हायचं, मागे इंजिनवर बेल्टने फिरणारा मोठा फॅन. इंजिन फिरतंय म्हणजे फॅन फिरतोय, विषय संपला. आताचे इलेक्ट्रिक फॅन चांगलेच आहेत पण मध्ये सेन्सर, रिले, मॉड्यूल, वायरिंग, यातलं एक काहीही गेलं तरी मोकळ्या रस्त्यावर पत्ता लागत नाही.

म्हणून साधी खूण सांगतो. हळू चालवताना तापते आणि वेग घेतला की उतरते, तर हवा बघा, म्हणजे फॅन आणि फट. उलट हायवेला तापते, तर रेडिएटर आतून चोकअप, थर्मोस्टॅट (कूलंटला रेडिएटरकडे सोडणारी झडप) किंवा पंप.

अजून एक गोष्ट, बऱ्याच आधुनिक गाड्यांचा टेंपरेचरचा काटा खरं सांगत नाही. तो मधल्या बऱ्याच डिग्रींमध्ये मुद्दाम मधोमध गप्प बसवलेला असतो, म्हणजे लोक उगाच घाबरू नयेत. परिणाम असा की काटा हलला तेव्हा उशीर झालेला असतो. माझ्या गाडीत मेनूमध्ये खोलवर डिग्रीचा आकडा दिसतो म्हणून मला कळलं तरी. गाडी लाखमोलाची आणि खरा आकडा लपवून ठेवायचा, याचा मला मनापासून राग येतो.

ड्युअल क्लच गिअरबॉक्सवाल्यांसाठी (दोन क्लच, गिअर आपोआप बदलतात) वेगळं. तिथे ‘ट्रान्समिशन गरम’ असा मेसेज आला तर इंजिन नाही, क्लच तापलाय. पुढच्या गाडीच्या मागे मागे इंच इंच सरकलं की क्लच अर्धवट घासत राहतो, चढावर ब्रेक न लावता ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली तर अजूनच. थोडी जागा पडू द्या, मग क्लच पूर्ण लागेल असं एकदम पुढे जा, परत ब्रेक. मागचे हॉर्न मारतात, मारू देत.

आणि गाडी बंद केल्यावर पाच-दहा मिनिटं फॅन किंवा छोटा पंप चालू राहतो तो बिघाड नाही, टर्बोची (इंजिनात जास्त हवा दाबणाऱ्या पंख्याची) साठलेली उष्णता तो काढत असतो, कृपा करून बॅटरी काढायला धावू नका.

माझ्या गाडीचं सांगायचं तर नवीन फॅन, कनेक्टर बदलला, फट धुतली, कूलंटमधली हवा काढली. परवा तशाच जाममध्ये एसी लावून पाऊण तास होतो. आकडा १०३ ला गेला, दोन्ही फॅनचा आवाज आला, परत ९७. पुन्हा १०३, पुन्हा ९७. मी सारखं तेच बघत होतो.

संपादक साहेब, तुमच्या टेस्ट रिपोर्टमध्ये शून्य ते शंभर किती सेकंदात हे दशांशापर्यंत छापता, टॉप स्पीड छापता. घेणारा माणूस त्यातलं वर्षातून एकदा वापरतो आणि जाममध्ये रोज बसतो. पुढची गाडी तुमच्या पानावर येईल तेव्हा एवढा एक आकडा द्या, एसी चालू ठेवून तासभर रांगत चालवल्यावर कूलंट किती डिग्रीला होतं.

आपला,
एक नियमित वाचक