उपग्रहभेदी चाचण्या थांबवण्याचा शब्द भारताने द्यावा

मा. संपादक,

अंतराळातील चुरशीचा विषय निघाला की चर्चा चंद्रावर जाते. अमेरिकेची आर्टेमिस ही चांद्रमोहीम एकीकडे, चीन-रशियाचा नियोजित चांद्रतळ दुसरीकडे आणि दोघांचाही डोळा दक्षिण ध्रुवाजवळच्या बर्फावर. मला मात्र जास्त काळजी वाटते ती पृथ्वीपासून काहीशे किलोमीटरवर चाललेल्या शक्तिप्रदर्शनाची.

१५ नोव्हेंबर २०२१ रोजी रशियाने स्वतःचाच निकामी उपग्रह कॉसमॉस-१४०८ क्षेपणास्त्राने फोडला. रडारवर दिसण्याइतके मोठे असे दीड हजारांहून अधिक तुकडे झाले. तेव्हा आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात सात जण होते. तुकड्यांचा पट्टा जवळ येताच त्यांना आतली दारे लावून परतीच्या यानांत जाऊन बसावे लागले. स्थानक दर दीड तासाने त्या पट्ट्यातून जात होते. जीव मुठीत धरून बसलेल्या या सातांमध्ये दोन रशियन होते!

चीनने २००७ मध्ये सुमारे साडेआठशे किलोमीटर उंचीवर उपग्रह फोडला, त्याचे तर तीन हजारांवर तुकडे नोंदले गेले. तिथे हवा इतकी विरळ की ते खाली यायला दशके लागतात. सेकंदाला सात-आठ किलोमीटर वेगाने फिरणारा बोटभर तुकडाही उपग्रह निकामी करू शकतो. अमेरिकेने २००८ मध्ये आणि भारताने २०१९ मध्ये हेच केले. उंची कमी असल्याने बराचसा कचरा लवकर जळून गेला, तरी भारताच्या चाचणीतलेही काही तुकडे स्थानकापेक्षा वर उडाले होते, हे विसरता येणार नाही.

१९६७ चा अंतराळ करार कक्षेत अण्वस्त्रे ठेवू देत नाही, पण जमिनीवरून उपग्रह फोडण्याबाबत त्यात स्पष्ट बंदी नाही. डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत अशा चाचण्या न करण्याचे आवाहन करणारा ठराव १५५ मतांनी मंजूर झाला. रशिया व चीनने विरोध केला, भारत तटस्थ राहिला.

ऐच्छिक वचनांपेक्षा कायद्याने बंधनकारक करार हवा, ही भारताची भूमिका योग्यच आहे. पण रशिया-अमेरिका-चीन यांच्यातला आजचा अविश्वास पाहता तो करार कधी होईल, कोण जाणे. तोवर आपला शब्द अडवून का धरायचा? आपापल्या चाचण्या उरकून घेतलेले देशच आता संयमाची भाषा करतात, हा आक्षेप खरा आहे. पण ही क्षमता सिद्ध करणाऱ्या चार देशांत भारतही आहे, तेव्हा आपले त्यात काहीच जात नाही. शिवाय उपग्रह फुटला की तुकडे साऱ्या जगाच्या रडारवर दिसतात, त्यामुळे कुणी शब्द मोडला तर ते लपणारही नाही.

उपग्रह फोडणारी चाचणी यापुढे करणार नाही, असे भारत सरकारने आमसभेच्या येत्या अधिवेशनात जाहीर करावे आणि त्याच व्यासपीठावर बंधनकारक कराराचा मसुदाही मांडावा.

– एक वाचक