पुळणीवरची रुई राखावी

महोदय,

किनाऱ्यालगतच्या रस्त्यांकडेची आणि पुळणीवरची रुई ‘रान’ समजून सरसकट तोडली जाते, त्याबद्दल हे पत्र. आफ्रिकेत ‘आफ्रिकन मोनार्क’ आणि आपल्याकडे ‘प्लेन टायगर’ या नावाने ओळखले जाणारे, स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये नोंदवलेले नारिंगी फुलपाखरू कोकणात याच झुडपावर अंडी घालते. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, पिवळ्या ठिपक्यांची त्याची अळी खाण्याआधी पानाची शीर कुरतडून चीक वाहू देते आणि मगच पुढचा भाग खाते. रुईतील विष तिच्या अंगात साठून फुलपाखरातही उतरते, त्यामुळे एकदा चव घेतलेला पक्षी सहसा पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही. या विषाचा दरारा एवढा की डॅनेड एगफ्लाय या दुसऱ्या फुलपाखराची बिनविषारी मादी आफ्रिकेत आणि इथेही हुबेहूब तेच रंग घेऊन वावरते, तिचा नर मात्र काळा आणि पांढऱ्या ठिपक्यांचा असतो. नैरोबी परिसरात तर स्पायरोप्लाझ्मा या जीवाणूमुळे प्लेन टायगरच्या अनेक माद्यांची नर-संतती अंड्यातच मरते. निसर्गातील हे संकट आपल्या हाती नाही, कोयता मात्र आहे. शनिवारी मारुतीच्या माळेसाठी आपण जी रुई शोधत फिरतो, ती ग्रामपंचायतींनी रस्तेसफाईच्या वेळी निदान गडग्यांच्या कडेने तरी राखावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, गुहागर (जि. रत्नागिरी)