प्राध्यापकाचा वर्ग कुणी पाहिला आहे का?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या स्थाननिश्चितीबद्दल, म्हणजे नोकरीतल्या टप्प्याटप्प्याच्या पदोन्नतीबद्दल, आपल्या अंकात गेले काही आठवडे पत्रे येत आहेत. फायली तपासायचे शिबिर लागत नाही, फाईल त्रुटी काढून परत येते, थकबाकी अडकते, अशा बहुतेक तक्रारी आहेत. त्या खऱ्याच आहेत. मी पदवीच्या वर्गांना ३२ वर्षे गणित शिकवले आणि नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत विषयतज्ज्ञ म्हणून इतर महाविद्यालयांच्या छाननी आणि निवड समित्यांवर बसले. टेबलाच्या त्या बाजूने जे पाहिले, ते सांगितले पाहिजे असे वाटते.

एका दुपारी प्राध्यापकपदाच्या पदोन्नतीसाठी गणिताचे एक शिक्षक समोर बसले होते. फाईल व्यवस्थित, रंगीत टॅग लावलेले, प्रत्येक प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत. फाईलखाली एक जाड वही होती, पुठ्ठ्याचे कोपरे झिजलेले. ही कसली, म्हणून मी विचारले. ते जरा संकोचून म्हणाले, "चुकांची वही आहे, मॅडम."

मी उघडून पाहिली. एका पानावर एक चूक. वर वर्ग आणि वर्ष, खाली किती मुलांपैकी किती जणांनी ती केली, त्याची नोंद. माझ्यापुढे उघडलेल्या पानावर लिहिले होते: 'पदे शून्याकडे जातात, म्हणून श्रेणी अभिसारी. ६१ पैकी ३८.' म्हणजे, मिळवायच्या संख्या लहान होत शून्याजवळ जातात, म्हणून त्यांची न संपणारी बेरीजही एका ठरावीक संख्येवर स्थिरावेल, असा समज. गणित शिकवणाऱ्या प्रत्येकाला ही चूक पाठ आहे. पुढच्या वर्षी त्यांनी प्रमेय मागे ठेवले आणि मुलांना आधी एक, अधिक एक द्वितीयांश, अधिक एक तृतीयांश ही बेरीज हाताने करायला लावली. तिचे गट पाडले की प्रत्येक गट अर्ध्याहून कमी भरत नाही आणि बेरीज वाढतच राहते, हे मुलांनी स्वतः शोधले. त्याखाली नोंद: '५७ पैकी १९.' आणि शेजारी हिरव्या शाईने, 'अजूनही १९? व्याख्या घाईत होतेय.' तिसऱ्या वर्षी ५४ पैकी ८. अशी दीडशेच्या वर पाने होती.

मी वही अध्यक्षांकडे सरकवली. त्यांनी दोन पाने पाहिली, कौतुक केले आणि विचारले, "हे कोणत्या रकान्यात धरायचे?" ते वाईट हेतूने बोलले नव्हते. रकाना खरोखरच नव्हता. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे या पदोन्नतीसाठी संशोधनाचे किमान ११० गुण लागतात. त्यांचे १०२ भरले. वही त्यांच्या पिशवीत परत गेली आणि फाईलही परत गेली.

त्याच दुपारच्या पुढच्या उमेदवाराचे गुण १४० च्या पुढे होते. जवळजवळ प्रत्येक निबंधावर दोन नावे, आणि दुसरे नाव त्याच विभागातल्या सहकाऱ्याचे. सहकार्याने संशोधन करण्यात काहीच गैर नाही. पण मी गणिताची शिक्षिका आहे, त्यामुळे हिशोब डोळ्यांत भरला. प्रभावांकाचे, म्हणजे नियतकालिकातल्या निबंधांचा इतरत्र किती संदर्भ घेतला जातो त्याचे, जादा गुण बाजूला ठेवले, तर विज्ञान शाखेत एका शोधनिबंधाला ८ गुण आहेत. लेखक दोन असले, तर प्रत्येकाला त्याचे ७० टक्के, म्हणजे ५.६. आता दोघांनी आपापला एकेक निबंध स्वतंत्र लिहिला, तर प्रत्येकी ८. तेच दोन निबंध राहू द्या, फक्त एकमेकांच्या निबंधावर एकमेकांचे नाव घाला, की प्रत्येकी ११.२. काम तेवढेच, गुण चाळीस टक्क्यांनी जास्त. त्या उमेदवाराने असे केले असा आरोप मी करत नाही. मला ते माहीत नाही. समितीला ते कळायला काही मार्गच नव्हता, हे माझे दुखणे आहे. आम्ही त्यांचा एकही निबंध वाचला नाही. प्रत्येकाला दहा-बारा मिनिटे मिळत. नियतकालिक आयोगाच्या मान्य यादीत आहे का, एवढे पाहायचे आणि पुढचा टॅग उलटायचा.

त्या याद्यांचे काय झाले हे सर्वांसमोर आहे. २०१८ साली संशोधक भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी 'करंट सायन्स' या विज्ञान नियतकालिकात विद्यापीठांनी आयोगाच्या यादीसाठी सुचवलेल्या १००९ नियतकालिकांची तपासणी प्रसिद्ध केली, त्यातली ८८ टक्क्यांहून अधिक निकषांत बसत नव्हती. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून काढली. मग आयोगाचीच नवी 'केअर' यादी आली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाली. यादी चांगली असो की वाईट, निबंध उघडून वाचण्याचे काम ती करू शकत नाही. आणखी एक सांगते. नियमावलीतल्या गुणांच्या त्याच तक्त्यात अख्खे पुस्तक भाषांतरित केले तर ८ गुण आहेत. बीजगणिताचे एखादे चांगले पाठ्यपुस्तक मराठीत आणायला दोन-तीन वर्षे जातात. मातृभाषेतून उच्च शिक्षण हवे असे आपण म्हणतो, तेव्हा हा आकडा समोर ठेवावा.

आता अध्यापनाचे. संशोधनाला निदान गुण तरी आहेत. अध्यापनासाठी काय पाहतात, हे पालकांना ठाऊक नसेल. नेमून दिलेल्या तासिकांपैकी ८० टक्के किंवा जास्त घेतल्या की शेरा 'चांगले'. ७० ते ८० असेल तर 'समाधानकारक'. म्हणजे शिक्षक वर्गात गेला का, एवढेच. तिथे त्याने काय केले, मुलांना काय कळले, हे कुठेही येत नाही. मी अशा कितीतरी तक्त्यांवर 'चांगले' लिहून सही केली आहे आणि त्यातल्या एकाही शिक्षकाला शिकवताना पाहिलेले नाही. याची बोच मला निवृत्तीनंतर जास्त लागते.

नोकरीत येताना मुलाखतीत आम्ही उमेदवाराच्या हातात खडू देत असू, "हे प्रमेय शिकवून दाखवा." तेवढीच काय ती पाच मिनिटे. पुढची तीस वर्षे कुणी मागच्या बाकावर येऊन बसत नाही.

तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे घेतलेल्या तासांपुरते मानधन मिळणाऱ्या, शिक्षकांची गोष्ट तर याहून कठीण. आमच्या विभागात एक मुलगी सलग नऊ वर्षे शिकवत होती. दर जूनमध्ये नवी जाहिरात, नवा अर्ज, नवी मुलाखत, आणि दर वेळी पहिला प्रश्न, "अनुभव किती?" ज्या इमारतीत ती नऊ वर्षे शिकवत होती तिथेच तिला हे विचारले जाई. तिच्या विद्यार्थ्यांना कुणी कधी काही विचारले नाही. दहाव्या वर्षी तिने अर्जच केला नाही.

वर्ग पाहायला लागले की संस्थाचालक त्याचा हत्यारासारखा वापर करतील, ही भीती अनेक सहकाऱ्यांनी मला बोलून दाखवली आहे. ती अनाठायी नाही. म्हणून पाहणारे दोघेही दुसऱ्या महाविद्यालयातले आणि त्याच विषयाचे असावेत. दिवस आधी ठरलेला असावा, अहवाल लेखी असावा, तो शिक्षकाला दाखवावा आणि त्याचे उत्तरही फाईलला जोडावे. संशोधनाबाबत शिक्षकाने स्वतः निवडलेला एकच निबंध समितीने आधी वाचून यावा आणि त्यावर अर्धा तास बोलावे. ज्याने तो लिहिला आहे तो बोलेल. ज्याचे फक्त नाव आहे, त्याचेही पाच मिनिटांत कळते. तपासलेल्या काही उत्तरपत्रिका मागवाव्यात. नुसता गुण टाकला आहे की मुलगा कुठे घसरला ते दाखवले आहे, हे त्या लाल शाईतून जितके कळते तितके कुठल्याच प्रमाणपत्रातून कळत नाही. वेळ लागेल, हे मान्य. पण माणूस एका पदावरून दुसऱ्या पदावर जायला तीन ते सहा वर्षे थांबतो, तर त्याच्यासाठी एक पूर्ण दिवस देणे जड नाही.

जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने नव्या नियमांचा मसुदा मांडला. त्यात नऊ उल्लेखनीय योगदाने दिली आहेत, त्यातली किमान चार हवीत. नावीन्यपूर्ण अध्यापन त्यात आहे आणि भारतीय भाषांतले अध्यापनही आहे, याचा मला आनंद झाला. पण ते नावीन्यपूर्ण आहे हे ठरवणार कोण, आणि काय पाहून? इथेही कागदच जोडायचा असेल, तर चार प्रमाणपत्रे गोळा करायला वेळ लागत नाही.

त्या शिक्षकांचे ११० गुण पुढे पूर्ण झाले आणि ते प्राध्यापक झाले. मागच्या महिन्यात फोनवर बोलणे झाले, तेव्हा मी वहीची चौकशी केली. ते म्हणाले, निबंधांच्या मागे लागल्यापासून दोन वर्षे त्यात काही लिहिलेले नाही.

आपली,
एक निवृत्त गणित प्राध्यापिका