‘प्रिये पहा’ची तिन्ही कडवी गावीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाट्यपदांच्या मैफलींत ‘प्रिये पहा, रात्रीचा समय सरुनि येत उषःकाल हा’ हे पद आजही हमखास ऐकायला मिळते. मात्र बहुतेक वेळा ध्रुवपद आणि पहिले कडवे झाले की उरलेला सारा वेळ देसकार रागातल्या आलाप-तानांना दिला जातो आणि पुढची दोन कडवी गायलीच जात नाहीत, याविषयी हे पत्र.

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत सौभद्र’चे पहिले तीन अंक १८ नोव्हेंबर १८८२ रोजी पुण्यात रंगभूमीवर आले. या नाटकाची प्रेमकथा अर्जुन-सुभद्रेची असली, तरी माझ्या मते त्यातले सर्वांत कोमल शृंगारपद, म्हणजेच ‘प्रिये पहा’, कृष्णाच्या वाट्याला आले आहे, आणि तेही विरहाने व्याकूळ प्रियकराचे नसून रुक्मिणीशी बोलणाऱ्या संसारी नवऱ्याचे आहे. त्यात तिच्या रूपाची स्तुती नाही की प्रेमाची कबुली नाही. कृष्ण तिला केवळ एकेक गोष्ट दाखवत जातो. पहिल्या कडव्यात गार वारा सुटतो, दिव्यांचे तेज मंदावते, दिशा उजळतात. दुसऱ्यात पक्षी आणि भुंगे जागे होतात, कमळे उमलू लागतात. आणि तिसऱ्यात, सुखदुःख विसरून लयाला गेलेले विश्वच आपल्या स्थितीवर यायला उठले आहे, असे तो म्हणतो. शयनमहालातल्या दिव्यापासून विश्वापर्यंत ती दृष्टी ज्या सहजतेने पोहोचते, तिच्यातच या पदाचा शृंगार आहे. पहिल्या कडव्यापाशी थांबले, तर हाती उरते ते एक सुरेख प्रभातवर्णन.

गायनविस्ताराला माझा विरोध नाही. गायकनट छोटा गंधर्वांचे ‘प्रिये पहा’ ज्यांनी ऐकले आहे, त्यांचा तो असूच शकणार नाही. परंतु ‘संगीत स्वयंवर’ या नाटकातल्या भास्करबुवा बखले यांच्या चालींनी १९१६ साली रंगभूमीवर ख्यालाचा, म्हणजे विस्ताराने राग मांडणाऱ्या शास्त्रीय गायकीचा, जो थाट रुजवला, तो किर्लोस्करांच्या साकी-दिंडीसारख्या साध्या छंदांतल्या पदांच्या काळात नव्हता आणि तेव्हा पद हा संवादाचाच पुढचा भाग असे, याचा विसर पडू नये.

गायकांनी दोन ताना कमी घेऊन तिन्ही कडवी गावीत आणि निवेदकांनी (हल्ली त्यांच्या चुटक्यांनाच बराच वेळ लागतो) पदापूर्वी कृष्ण-रुक्मिणीचा प्रसंग चार वाक्यांत सांगावा, एवढीच विनंती. आयोजकांनी कार्यक्रमपत्रिकेत संपूर्ण पद छापले, तर नव्या श्रोत्यांची मोठीच सोय होईल.

आपला नम्र,
एक नाट्यसंगीतप्रेमी वाचक, सांगली